थोरलीचे सीनिअर फोटो, पण धाकटीसोबत: सल्ला हवा आहे

ओसरी | 10 ऑगस्ट, रात्री 10:15

नमस्कार मंडळी. आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. थोरली लेक 17ची, सप्टेंबरात बारावीत जाईल, म्हणजे इथल्या भाषेत सीनिअर. धाकटी 15ची, दहावीत.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. इथे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी मुलांचे खास फोटो काढायची पद्धत आहे. त्यातला एक इयरबुकसाठी, म्हणजे शाळेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी. तो आमच्याकडे शाळेने नेमलेल्या स्टुडिओतच काढावा लागतो: मागे करडा पडदा, मुलींच्या खांद्यांवर काळ्या मखमलीचं ड्रेप, मान अशी, हनुवटी तशी, झालं. तो जुलैत उरकला. दुसरे असतात ते हौसेचे. बागेत, गावात, स्वतःच्या कपड्यांत, हातात आपलं वाद्य किंवा खेळाचं साहित्य घेऊन. नातेवाइकांना पाठवतात, घरात लावतात.

तर हे हौसेचे फोटो काढायचेत. आणि थोरली म्हणाली, "मला माझे एकटीचे थोडेच हवेत. बाकी सगळे हिच्यासोबत."

मला ते ऐकून काय वाटलं ते लिहिता येणार नाही. कारण दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका समारंभात दोघींचा एकत्र फोटो काढला होता. थोरली सावळी आहे, माझ्या सासूबाईंच्या वळणावर गेलीये. धाकटी माझ्यासारखी, उजळ. फोटो हातात आला तर थोरलीचा रंग बदललेला! फोटोग्राफरला विचारलं, तर म्हणाला, "दोघी मॅच व्हाव्यात म्हणून जरा ब्राइट केलं." वाईट हेतूने केलं नसेल. पण पोरीने तो फोटो फोनवर मोठा करून पाहिला, स्वतःचा हात शेजारी धरला, आणि फोन मला परत दिला. त्यानंतर घरात कुणी कॅमेरा काढला की ती पाणी आणायला उठायची. दोन वर्षं.

आता तिने स्वतःहून विषय काढलाय. यावेळी चूक व्हायला नको.

धाकटी तिच्यापेक्षा चार बोटं उंच आहे, दातांना तारा आहेत, चष्मा आहे. थोरली मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे सप्टेंबरपासून तिचे शनिवार गेले. नवऱ्याकडे बऱ्यापैकी कॅमेरा आहे, पण तो स्वतःच म्हणतोय की बाहेरचं कुणी बघूया. कुणाला काय विचारायचं, कुठे काढायचे, कपडे काय, कुठली वेळ? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चाफेकळी | 10 ऑगस्ट, रात्री 11:02

ओसरी, तुझ्या लेकीचा हात शेजारी धरणं वाचून पोटात तुटलं गं. उद्या सविस्तर लिहिते. आमच्या जुळ्या आहेत, त्यांचं सगळं याच वर्षी मेपर्यंत पार पडलं.

तोवर एकच सांगते, ऑगस्ट संपायच्या आत तारीख पक्की कर. 1 ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे कॉलेजांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज, उघडलाय, 1 नोव्हेंबर ही अर्ली अर्जांची तारीख. ऑक्टोबरमध्ये पोरी निबंधांत बुडालेल्या असतात, तेव्हा चेहऱ्यावर झोपही नसते आणि हसूही नसतं.

उजेडवाट | 11 ऑगस्ट, सकाळी 7:20

मी न्यू जर्सीतच आहे. नोकरी सांभाळून गेली 11 वर्षं घरगुती फोटो काढतो, त्यात सीनिअर्स बरेच. बहिणी-बहिणीही बऱ्याच. मी तुमचं काम घेण्यासाठी लिहीत नाहीये. इथे मोकळेपणाने लिहिता यावं म्हणून माझं नावही देत नाही.

सगळ्यात आधी फोटोग्राफर निवडताना त्याच्या इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बघू नका. त्याला म्हणा, "एखाद्या सावळ्या किंवा काळ्या मुलीच्या सेशनची पूर्ण गॅलरी दाखवा." पूर्ण, म्हणजे 40-50 फोटो. त्यात सावलीतले, उन्हातले, संध्याकाळचे सगळे आले. प्रत्येक फोटोत तिचा रंग एकाच मुलीचा वाटतो का ते बघा. काही जण सगळ्या फोटोंवर एकच तयार फिल्टर चढवतात, त्यात गोरी त्वचा मधासारखी दिसते आणि सावळी एकतर राखेसारखी किंवा नारिंगी होते. तुमच्या थोरलीच्या बाबतीत नेमका हाच धोका आहे.

दुसरं, करारात लिहून घ्या की त्वचेचा रंग उजळ करायचा नाही. एक ओळ पुरते. चांगला माणूस त्याला आनंदाने हो म्हणेल. जो कुरकुर करेल त्याला आत्ताच नमस्कार केलेला बरा.

आता दोन वेगळ्या वर्णांच्या मुली एका फोटोत नीट कशा येतात, ते सांगतो, कारण यात जादू काही नाही. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे ओढतो. चौकटीत पांढरा झगा आणि उजळ चेहरा जास्त असेल तर तो सगळाच फोटो काळवंडतो, आणि त्यात सावळ्या चेहऱ्यावरचे बारकावे आधी बुडतात. मग घरी बसून सावळीला "उजळ" करायची पाळी येते. मुळात चूक उजेड मोजण्यात झालेली असते. चेहऱ्यावरून परतणारा उजेड न मोजता चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजला, म्हणजे हातातला मीटर मुलीच्या गालाजवळ धरून मोजला, की दोघी आपापल्या रंगात येतात. आणि उभं करताना थोरली उजेडाच्या बाजूला, धाकटी तिच्या पलीकडे. अर्ध्या पावलाचा फरक, पण तेवढ्याने खूप काम होतं.

सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावरच्या चमकेत असतं. गालाचं हाड, कपाळ, नाकाची रेघ, हे सगळं त्या हलक्या चमकेमुळे घडीव दिसतं. म्हणून मॅट पावडर थापू नका. सनस्क्रीनही बघून लावा. झिंक किंवा टायटॅनियमचं असेल तर सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकी साय येते, फ्लॅश मारला तर फारच. साधं मॉइश्चरायझर उत्तम.

ऑफिसला निघतो. पोजबद्दल रात्री लिहितो.

खाडीकाठ | 11 ऑगस्ट, दुपारी 12:48

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. सीनिअर फोटो हा त्या एका मुलाचा दिवस असतो. आम्ही कॅलिफोर्नियात. थोरल्या मुलीच्या वेळी धाकटीलाही नेलं, दोघींचे एकत्र काढले, आणि घरी आल्यावर आमच्या नातेवाइकांनी काय केलं? प्रत्येक फोटोखाली धाकटीचं कौतुक. "छोटी तर हिरॉइन दिसतेय." थोरली गप्प. तिचं वर्ष होतं ते. दोन बहिणी एका चौकटीत आल्या की बघणारे तुलना करतातच, कितीही चांगला फोटो काढा. मी म्हणेन, थोरलीचे वेगळे, आणि दिवाळीत कुटुंबाचे वेगळे.

ओसरी | 11 ऑगस्ट, दुपारी 1:30

खाडीकाठ, राग कसला. हीच भीती मलाही आहे. काल रात्री मी थोरलीला विचारलंच की तुला नक्की एकत्र हवेत का. ती म्हणाली, "आई, पुढच्या ऑगस्टला मी जाणार. हिच्या सीनिअर फोटोंच्या वेळी मी इथे नसेन. मग आमचे कधी काढणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा एकत्र काढायचे हे ठरलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुठले टाकायचे, ते मात्र तीच ठरवेल. तुमच्या अनुभवातून एवढं मी नक्की घेतलंय.

पिंपळपान | 11 ऑगस्ट, रात्री 8:05 (भारतातून)

इथे सकाळ आहे, पण तुमच्या वेळेनुसार रात्रीच दिसेल. माझं वय 66. सीनिअर फोटो मला ठाऊक नाहीत. पण वडिलांचा मिरजेला फोटो स्टुडिओ होता, आणि कॉलेजात असताना रिटचिंगचं काम माझ्याकडे होतं, म्हणून लिहावंसं वाटलं.

तेव्हा संगणक नव्हता. निगेटिव्हवर पेन्सिलीने काम चालायचं. तिरप्या चौकटीचं एक टेबल असे, मधे काच, खाली आरसा, वर कापडाचा आडोसा. निगेटिव्हवर आधी एक पातळ द्रव चोळायचा म्हणजे शिसं धरतं. मग 2एच, 4एचच्या पेन्सिली, टोक दाभणासारखं लांब काढलेलं. निगेटिव्हमध्ये चेहऱ्यावर जिथे शिसं चढवू तिथे छापात तो भाग उजळ होतो. मुरमं, डोळ्यांखालची वर्तुळं अशीच घालवायचो. आणि रंगही. "जरा उजळ करा हं" हे वाक्य मी त्या खुर्चीत बसून किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. लग्नासाठी दाखवायचे फोटो असले की सांगावंच लागत नसे, आम्ही करूनच ठेवत असू.

1978 साली दोन बहिणी आल्या. थोरलीचं लग्न ठरलेलं, म्हणून धाकटीसोबत एक आठवण. त्यांच्या आईने जाताना मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. मी मन लावून काम केलं, दोन संध्याकाळी घालवल्या. थोरली एकटीच न्यायला आली. पाकिटातून फोटो काढला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "दादा, धाकटी छान आलीय. ही दुसरी कोण?"

रागाने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. तिने खरोखर विचारलं होतं. वडील आतून आले. सुदैवाने दोन निगेटिव्ह काढलेल्या होत्या. दुसऱ्या निगेटिव्हला मी हात लावला नव्हता. त्यांनी तिला थांबवून त्याच दिवशी त्या निगेटिव्हचा छाप करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्या रात्री वडील मला एवढंच म्हणाले की मुरूम आठवड्यात जातो, तो काढ. जे माणसासोबत राहणार आहे त्याला हात लावायच्या आधी त्या माणसाला विचार. माणसाला, त्याच्या आईला नाही.

ती मुलगी पुन्हा दुकानात आली नाही. कुठे असेल, माहीत नाही. तो पहिला छाप माझ्याकडे पुष्कळ वर्षं होता.

चाफेकळी | 11 ऑगस्ट, रात्री 9:10

पिंपळपान काका, तुमचं लिहिणं मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं. दोघी गप्प बसून ऐकत होत्या.

आता आमचा अनुभव. आम्ही टेक्ससमध्ये, ऑस्टिनजवळ. जुळ्या मुलींना आयुष्यभर लोक एकच समजतात, इयरबुकमध्येसुद्धा आडनावाच्या क्रमाने फोटो लागतात त्यामुळे दोघी शेजारी-शेजारी. म्हणून आम्ही ठरवलं, आधी प्रत्येकीचा स्वतंत्र पाऊण तास. दुसरी तेव्हा तिथे नसेल, गाडीतसुद्धा नाही. कारण बहीण बघत असली की पोरी एकमेकींकडे बघून पोज घेतात. मग शेवटचा पाऊण तास दोघींचा. त्या एकमेकींना भेटल्यावर जे फोटो आले, ते सगळ्यात सुंदर.

कपडे: एकसारखे नकोत. एकीचा निळा, दुसरीचाही निळा, असलं काही नको. रंग एकमेकांशेजारी नांदतील असे बघायचे. आम्ही एकीला मोरपंखी आणि एकीला हळदी दिला. अगदी पांढराशुभ्र टाळला. एक सेट जीन्समध्ये, एक साडीत. आईच्या जुन्या दोन नारायणपेठी होत्या, त्याच नेसवल्या.

साडीबद्दल अनुभवाचे बोल. जरीचे काठ थेट उन्हात पांढरेफटक येतात, काठच दिसत नाही. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत, समोर मोकळं आकाश असेल अशा जागी जरीची किनार अगदी सोन्यासारखी झळकते. हिरव्या गवतात बसलात तर हनुवटीखाली हिरवट छटा चढते, ती नंतर घालवणं कठीण, म्हणून बसताना खाली सतरंजी घाल. पिना जास्तीच्या ने. नथ दाबाची असेल तर शेवटच्या 10 मिनिटांत घाल, नाहीतर नाक लाल होतं आणि प्रत्येक फोटोत दिसतं. आणि साडीत चालायची सवय नसेल तर आदल्या आठवड्यात घरात दोन तास नेसून वावरू दे. जेवू दे, जिना उतरू दे.

आमच्याकडे ब्लूबॉनेट फुलली की, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, सगळे सीनिअर त्या निळ्या फुलांत जाऊन बसतात. आम्हीही गेलो. सुंदर आले, पण फुलांचे आले. मुली त्यात कुठेतरी होत्या. आमच्या घराच्या मागच्या पायरीवर काढलेला एक फोटो आम्ही शेवटी मोठा करून लावला. त्या पायरीवर त्या पहिलीपासून शाळेच्या बसची वाट बघत बसायच्या. तुझ्या मुलींची अशी जागा कुठली, ते आठव.

उजेडवाट | 11 ऑगस्ट, रात्री 10:30

जागेबद्दल चाफेकळींना पूर्ण अनुमोदन. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कमानी, सोमरसेटमधलं कलोनियल पार्क, गुलाबांची बाग, हे सगळं छान आहे आणि सगळ्यांकडे आहे. बागांमध्ये जाणार असाल तर व्यावसायिक फोटोंना परवाना लागतो का ते तिथल्या ऑफिसात आधी विचारा. ऐनवेळी रखवालदाराने उठवलं तर मुलींचा मूड गेलाच.

उंचीबद्दल. धाकटी उंच आहे म्हणून तिला वाकायला लावू नका, त्या वयात मुली आधीच पोक काढून चालतात. पायऱ्या, ओटा, कठडा शोधा. थोरली वरच्या पायरीवर, धाकटी खालच्या, की डोकी तिरप्या रेषेत येतात. एका रेषेत दोन डोकी आली की पासपोर्ट फोटो होतो.

तुमच्या मिस्टरांनी काढले तरी उपयोगी पडेल म्हणून आकडे देतो. 85 मिलिमीटरची लेन्स, अडीच मीटरवर दोघी, फुल फ्रेम कॅमेरा. लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, 1.8 ठेवलंत तर जेमतेम 9 सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. एकीचे डोळे धारदार आणि दुसरी धुरकट. एकटीच्या फोटोला ते चालतं, पण दोघींत जिच्यावर फोकस नाही ती "मागची" ठरते. छिद्र 4 वर 20 सेंटिमीटर मिळतात, 5.6 वर जवळपास 30. दोघींसाठी 4च्या खाली जाऊ नका, आणि दोघींचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. फोनच्या पोर्ट्रेट मोडवर यासाठी भरवसा ठेवू नका, तो केसांच्या कडा खातो आणि मागे असलेलीला पार्श्वभूमी समजतो.

चष्मा: धाकटीच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत का? असतील तर साध्या काचांचा जुना चष्मा न्या, नाहीतर बाहेरच्या एकाही फोटोत डोळे दिसणार नाहीत. चकाकी येत असेल तर दांड्या कानांवर किंचित वर उचलायच्या, काच खाली झुकते आणि आभाळ त्यातून निघून जातं. चष्मा काढायला सांगू नका. तो तिचा चेहरा आहे. तारांचंही तेच. तिला तोंड मिटून हसायचं असेल तर तसं, दात दाखवायचे असतील तर तसं.

पोज म्हणाल तर मी बहिणींना पोज देत नाही, काम देतो. "तिची वेणी घाल." "तुमच्या दोघींपैकी खोटं कोण चांगलं बोलतं, ते मला नको, एकमेकींना सांगा." "इथून त्या झाडापर्यंत चाला आणि तिला धक्का द्या." पहिली 20 मिनिटं बहुतेक वाया जातात, ती जाऊ द्यायची.

आणि हे कडक शब्दांत सांगतो. आईवडिलांनी कॅमेऱ्यामागे उभं राहायचं नाही. "हनुवटी वर", "नीट हस ना", "ताईकडे बघ", यातलं एक वाक्य आलं की मुलींचे चेहरे बदलतात, मला ते भिंगातून दिसतं. गाडीत बसा. पाणी, कंगवा, पिना धाकटीच्या हाती द्या.

जाई_दुसरी | 12 ऑगस्ट, सकाळी 11:15

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, आईचं अकाउंट बघून माझं केलं. माझं मराठी लिहिणं चुकलं तर समजून घ्या.

मी अशा फोटोतली धाकटी आहे. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताईच्या सीनिअर फोटोंना गेले तेव्हा मी 14ची होते आणि मला जायचं नव्हतं. मला वाटत होतं की मी तिथे सामान म्हणून चाललेय. त्यात फोटोग्राफर प्रत्येक वेळी म्हणायची, "आता लिटल सिस्टर, तू जरा मागे." मग ताईने तिला सांगितलं, "माझे एकटीचे 10 फोटो हिलाच काढू दे." फोटोग्राफरने तिचा जास्तीचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. मी काढलेला एक फोटो ताईने फायनलमध्ये घेतला. थोडा तिरका आहे.

माझ्या डॉर्ममध्ये आमचा एकच फोटो आहे. त्यात आम्ही बुटांच्या लेस बांधतोय.

ओसरी काकू, खाडीकाठ काकांनी तुलना होते म्हणून लिहिलंय, ते खरं आहे. पण तुलना आमची घरीच होत असते, फोटो काढो वा न काढो. निदान फोटोत आम्ही एका बाजूला असतो.

खाडीकाठ | 12 ऑगस्ट, दुपारी 2:20

जाई, तुझं मराठी उत्तम आहे. तुझं शेवटचं वाक्य मी थोरलीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, फोटो वाईट नव्हता. तुम्ही कॉमेंट्स मला वाचून दाखवल्यात, ते वाईट होतं." मला हे चार वर्षांनी कळतंय. या विषयावर माझं मत मागे घेतो.

सातपुडा | 13 ऑगस्ट, रात्री 9:45

धाग्यात रंगाचा विषय निघालाय म्हणून. सावळी त्वचा फोटोत नीट न येणं हा त्वचेचा दोष कधीच नव्हता. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅक या फिल्म कंपनीचं संदर्भपत्र असायचं, त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो, त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, असा हिशोब. तपकिरी छटा धड येत नाहीत ही तक्रार जोरात केली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं संदर्भपत्र आलं तेव्हा नव्वदचं दशक उजाडलं होतं. फोनमध्ये हा विचार अलीकडचाच. गूगलने 2021 साली पिक्सेल 6 या फोनसोबत, सगळ्या वर्णांची त्वचा खरी यावी म्हणून, रिअल टोन आणलं, पुढच्या वर्षी 10 छटांची मंक स्किन टोन मोजपट्टी खुली केली. तेव्हा "ब्राइट करू का" असं विचारणारा माणूस त्या जुन्या पत्राचीच सवय पुढे चालवत असतो, त्याच्या नकळत.

दुसरं सुचवायचं होतं. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने 1975 साली चार बहिणींचा एक फोटो काढला, त्यातली एक त्याची बायको. मग दर वर्षी एक, चाळीसहून जास्त वर्षं. डावीकडून उजवीकडे क्रम कायम तोच. बाकी सगळं बदलत जातं. तुमच्या मुलींचा एखादा फोटो असा करा की पुढे दर वर्षी तोच क्रम ठेवून काढता येईल. वर्षातून एक दिवस त्या भेटतीलच.

ओसरी | 14 ऑगस्ट, रात्री 11:00

तुम्ही सगळ्यांनी जे लिहिलंय ते प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

जागा आठवली. डेलावेर अँड रॅरिटन कालवा आहे ना, ग्रिग्जटाउनजवळ, जुना लाकडी पूल आणि काठाने मातीची वाट. याच वाटेवर नवऱ्याने दोघींना सायकल शिकवली. धाकटी पहिल्याच दिवशी झुडपात गेली होती आणि थोरलीने तिला ओढून काढलं होतं. जागेचं नाव घेतल्याबरोबर दोघी एकदम बोलायला लागल्या.

फोटोग्राफर मिळाली. पूर्ण गॅलरी मागितली, तिने दोन पाठवल्या. रंग न बदलण्याची ओळ तिने स्वतःच करारात घातली, वर लिहिलं की रिटचिंगची यादी मुलींकडून घेईन. रविवार, 14 सप्टेंबर. सूर्यास्त 7 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास, म्हणून साडेपाचला सुरुवात.

साडी थोरलीला आजीची इरकल हवीय. सासूबाईंनी 20 वर्षांपूर्वी मला दिलेली, गडद जांभळी, लाल काठाची. "तुझ्या रंगाला गडद कशाला" हे वाक्य घरात पूर्वी बोललं गेलंय, मी पण बोललेय. ते आज आठवलं आणि लाज वाटली. काही न बोलता साडी हवेशीर टाकलीय.

ओसरी | 27 सप्टेंबर, रात्री 9:30

धागा वर काढतेय. परवा गॅलरी आली.

त्या दिवशी दुपारी पाऊस झाला, वाट ओली होती, मी जाऊ नको म्हणत होते. फोटोग्राफर म्हणाली की ढग म्हणजे तिच्यासाठी आभाळभर पडदा आहे, याच. पहिला तास थोरलीचा एकटीचा: बँडचं जॅकेट, क्लॅरिनेट, मग साडी. आम्ही दोघं आणि धाकटी गाडीत. मी काचेला नाक लावून बसले होते, नवऱ्याने दोनदा मागे ओढलं. मग धाकटीला बोलावलं. जाईची गोष्ट तिने वाचली होती, तिने सरळ कॅमेरा मागितला. तिने ताईचे सात फोटो काढले.

रिटचिंगची यादी मुलींनी आपापली दिली. धाकटीची: कपाळावरचे दोन मुरूम. थोरलीची: हनुवटीवरचा एक मुरूम, आणि खाली तिने लिहिलं होतं, "भुवईवरचा व्रण ठेवा." तो व्रण त्या झुडपातला आहे, धाकटीला ओढताना काटा लागलेला. मला वाटायचं तिला तो आवडत नाही.

तिने निवडलेला फोटो सांगते. लाकडी पुलाच्या कठड्यापाशी दोघी. पावसाचे थेंब पडलेत म्हणून धाकटी चष्मा ताईच्या पदराला पुसतेय, आणि थोरली पदर ओढून घेत तिच्यावर ओरडतेय. थोरली उजेडाच्या बाजूला. इरकलीवर तिचा रंग असा आलाय, पितळेच्या घासलेल्या समईसारखा. धाकटी गव्हाळ, नाकावर चष्म्याचे दोन वळ. दोघी आपापल्या रंगाच्या.

साताऱ्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यांना आता कमी दिसतं, फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, "ही मीच की गं. चष्मा पुसतेय ती कोण, तुझी लेक का?" धाकटी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी. थोरलीने फोन हातात घेतला आणि आजीला तो फोटो पुन्हा पुन्हा दाखवत राहिली, अर्धा तास तरी.

16 बाय 20चा छाप सांगितलाय, जिन्याच्या भिंतीवर. नातेवाइकांच्या ग्रुपवर थोरलीने स्वतः त्या सातांपैकी एकच फोटो टाकला आणि खाली फोटो धाकटीने काढलाय असं लिहिलं.

सातपुडा, दर वर्षीचा फोटो करायचं ठरलंय, त्याच पुलावर, थोरली डावीकडे. पण पुढच्या वर्षी सप्टेंबरात ती इथे नसणार. जाण्याआधी, ऑगस्टच्या मध्यात काढावा लागेल. तेव्हा तिथे उजेड कसा असतो?

उजेडवाट | 28 सप्टेंबर, सकाळी 7:05

ऑगस्टमध्ये संध्याकाळी कालव्यावर डास फोडून काढतात, मुली दोन मिनिटं उभ्या राहणार नाहीत. सकाळी जा, 7च्या आत. ऊन पाण्यावरून तिरपं येतं आणि पुलाच्या पूर्वेच्या बाजूला पाऊण तास तरी मऊ असतं. थोरली डावीकडे हवी असेल तर कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून न धरता दक्षिणेकडे धरा, म्हणजे उजेड तिच्याच बाजूने येईल. आणि पुढच्या वर्षी तुमच्या मिस्टरांनाच काढू द्या.

चाफेकळी | 28 सप्टेंबर, सकाळी 9:40

ओसरी, सायकली पण ने गं.